किल्ल्याचं त्रिमितीय ड्रोन-मापन: या चुका टाळा

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही. देवगिरी, नळदुर्ग, परांडा, औसा, उदगीर, कंधार, धारूर, अंतूर, जंजाळा, वेताळवाडी, माहूर यांची मोजमापं नीट करून ठेवायची ती इथल्याच लोकांनी. हौशी तरुण स्वतःच्या खर्चाने ड्रोन घेऊन किल्ल्यावर जातात, रात्र-रात्र जागून फोटोंवरून संगणकावर त्रिमितीय मॉडेल तयार करतात, ही मोठी गोष्ट आहे. वाईट एवढंच वाटतं की त्यातली पुष्कळ मॉडेलं फिरवून बघायला देखणी असतात आणि मोजायला घेतली की कोसळतात. कारणं दरवेळी तीच.

चुना-दगडाचं काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडून तीन उत्तरं हवी असतात. तट किती झुकलाय, त्याला आलेलं पोट (बाहेर आलेला फुगवटा) गेल्या वर्षीपेक्षा वाढलंय का, आणि माथ्यावरचं पाणी तटात कुठून शिरतंय. ज्या मॉडेलमधून ही उत्तरं निघत नाहीत त्यासाठी किल्ल्यावर बॅटरी खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परवानगी नंतर बघू

नंतर नाही, आधीच. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, आणि जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते हे अधिकृत नकाशावर त्याच दिवशी तपासणं. देवगिरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, नळदुर्ग राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, तेव्हा अर्ज कुठे करायचा हे किल्ल्यागणिक बदलतं. गौताळा अभयारण्याच्या पट्ट्यात किंवा माहूरला वनखात्यालाही विचारावं लागतं. ‘लहान ड्रोन आहे, कोण बघतंय’ म्हणून उडवणाऱ्यांमुळे रीतसर अर्ज करणाऱ्यांचे अर्ज अडतात.

टेक-ऑफच्या जागेवरून मोजलेली उंची

हीच चूक सगळ्यांत जास्त कामं बुडवते, म्हणून इथे जरा थांबू.

नेहमी घडतं ते असं. एका दिवसाची परवानगी असते. मंडळी दहा वाजता पायथ्याच्या वाहनतळावर पोहोचतात. ॲपमध्ये किल्ल्याभोवती चौकोन काढतात, उंची १०० मीटर, पुढचा ओव्हरलॅप (शेजारचे फोटो एकमेकांवर किती यावेत ते प्रमाण) ८० टक्के, बाजूचा ७० टक्के, आणि बटण दाबतात. ड्रोन शहाण्यासारखा जाऊन येतो. फोटो भरपूर मिळतात. घरी आल्यावर पायथ्याची जमीन गुळगुळीत येते, पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा ओळखू येतात, आणि ज्यासाठी गेलो तो माथा मात्र भोकांनी भरलेला, इमारतीच्या कमानी मेणासारख्या वितळलेल्या. मग सॉफ्टवेअरला दोष दिला जातो. तेच फोटो ‘अल्ट्रा हाय’ दर्जावर लावून दोन रात्री संगणक तापवला जातो. भोकं तिथेच राहतात, कारण जी माहिती फोटोत नाही ती संगणक आणणार कुठून?

हिशेब करून बघा. एक इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल आणि ८.८ मिलिमीटरचं भिंग असलेला कॅमेरा १०० मीटरवरून जमिनीचा साधारण १५० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब तुकडा टिपतो. ८० टक्के ओव्हरलॅपसाठी दर २० मीटरला एक फोटो आणि ७० टक्क्यांसाठी ४५ मीटरवर पुढची रांग, असं ॲप ठरवतं. आता किल्ल्याचा माथा टेक-ऑफच्या जागेपेक्षा ६० मीटर उंच असेल, तर तिथे ड्रोन माथ्यापासून फक्त ४० मीटरवर असतो. टिपलेला तुकडा ६० गुणिले ४० मीटरचा होतो. फोटोंमधलं अंतर मात्र तेच, २० आणि ४५. म्हणजे पुढचा ओव्हरलॅप ५० टक्क्यांवर आला आणि बाजूचा २५ वर. प्रत्येक दगड निदान तीन फोटोंत दिसावा लागतो. इथे तो दोनांत कसाबसा दिसतो. ॲपच्या पडद्यावर मात्र शेवटपर्यंत ८०/७० च लिहिलेलं असतं, कारण ॲपला डोंगर माहीतच नाही.

देवगिरीवर तर हे आणखी गंभीर आहे. तो शंकूसारखा डोंगर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २०० मीटर उंच आहे. पायथ्यावरून १०० मीटर उंची लावून आखलेली रांग थेट कड्यात जाते.

‘टेरेन फॉलो’ (उंचीच्या नकाशावरून ड्रोनने जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होणं) लावलं की प्रश्न मिटला, असं नवखे समजतात. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत ३० मीटरला एक ठिपका असतो. त्यात देवगिरीचा तासलेला कडा एक साधा उतार होऊन जातो आणि बुरूज तर दिसतच नाही. त्या नकाशाच्या भरवशावर तटाजवळ ड्रोन नेणं म्हणजे तट आणि ड्रोन दोन्ही धोक्यात घालणं.

आमची पद्धत संथ आहे, पण ती फसत नाही. सकाळी पहिली फेरी फक्त जमीन ओळखण्यासाठी. कायद्याने घातलेल्या १२० मीटरच्या मर्यादेत, सगळ्या अडथळ्यांच्या वरून, डोळ्यांसमोर ठेवून उडवायची. ते फोटो जागेवरच लॅपटॉपवर कमी दर्जाला चालवून अर्ध्या मीटरचा कच्चा उंची-नकाशा काढायचा. तोवर बॅटऱ्या थंड होतात. मग तो स्वतःचा नकाशा ॲपमध्ये घालून खरी फेरी आखायची. उंच डोंगरी किल्ल्याचे टप्पे पाडायचे: पायथा, मधली तटबंदी, माथा. प्रत्येक टप्प्याला त्याच टप्प्यावरून टेक-ऑफ करायचं आणि शेजारच्या दोन टप्प्यांत १५-२० मीटर उंचीचा भाग दोन्हीकडे यायला हवा. ड्रोनची पेटी पाठीवर घेऊन माथा चढावा लागतो. पायथ्यावर बसून देवगिरी मोजता येत नाही.

‘परत घरी’ या आज्ञेची उंचीसुद्धा याच हिशेबात बसवा. संपर्क तुटला की ड्रोन सरळ रेषेत परत निघतो. वाटेत कडा असेल तर तो कड्यावरच आपटतो.

वरून फोटो काढून तट मोजणं

कॅमेरा सरळ खाली करून काढलेल्या फोटोंत तटाचा माथा दिसतो, अंग दिसत नाही. फांजी (तटावरची चालायची वाट) दिसते, चर्या (माथ्यावरचे दगडी कंगोरे) वरून दिसतात; जंग्या (मारा करायची भोकं), दगडांचे सांधे, मूळ धरलेला पिंपळ, बाहेर आलेलं पोट यातलं काहीच नाही. सॉफ्टवेअर मधली जागा अंदाजाने ताणून भरतं आणि आपल्याला वाटतं तट आला.

त्याहून घातक म्हणजे उंचीच्या रास्टर नकाशावर तटाचा झुकाव मोजणं. त्या नकाशात एका जागेला एकच उंची असते. उभ्या भिंतीवर एकाच जागेवर शेकडो उंच्या असतात. पोट आलेला तट तर वरून बघता स्वतःच्याच खाली लपतो. तेव्हा तटासाठी पॉइंट क्लाउड (मोजलेल्या ठिपक्यांचा ढग) किंवा मेश (त्या ठिपक्यांची जाळी) घ्यायचा आणि तटाला समांतर उभं प्रतल धरून त्यावर दर्शनी ऑर्थो (मापात बसवलेलं समोरचं चित्र) काढायचा. दगड न् दगड मोजता येतो तो त्यात.

आपल्याकडचे तट बहुधा दोन घडीव भिंती आणि मधे दगडगोटे-माती-चुन्याचा भराव असे बांधलेले आहेत. फांजीची फरसबंदी उखडली की पावसाचं पाणी आत उतरतं, चुना धुऊन जातो, भराव खाली बसतो आणि बाहेरच्या भिंतीला ढकलतो. पोट येतं ते यामुळे. ते सुरुवातीला काही सेंटिमीटरचंच असतं, म्हणून तपशील मिलिमीटरांत हवा. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याने तटापासून १५ मीटरवरून फोटो घेतले तर एक पिक्सेल साधारण ४ मिलिमीटरचा पडतो. तेवढ्यात सांधे स्पष्ट येतात. त्या अंतरावर एका फोटोत साडेबावीस मीटर रुंद आणि १५ मीटर उंच तुकडा बसतो, तेव्हा आडवं आणि उभं दोन्हीकडे साडेचार मीटर सरकत गेलं की ८० आणि ७० टक्के ओव्हरलॅप मिळतो. एकाच उंचीच्या रांगेवर भागवू नका. चर्यांच्या किंचित वरून खाली बघणारी एक, मधली सरळ, आणि पायथ्याची थोडी वर बघणारी एक अशा किमान तीन रांगा हव्यात.

बुरजाशी सगळे घाई करतात. गोल बुरजाभोवती दोन फोटोंमधला कोन १५-२० अंशांच्या वर गेला की जुळणी तुटते. आम्ही १० अंशांवर ठाम असतो. तटाबाहेर तीनचतुर्थांश डोकावणाऱ्या बुरजाला एका उंचीवर २७ फोटो, तीन उंच्यांवर ८१. नळदुर्गच्या नवबुरुजासारख्या पाकळ्यापाकळ्यांच्या रचनेला हेही पुरत नाही. प्रत्येक खोबणीत कॅमेरा वेगळा वळवावा लागतो, आणि हे काम स्वयंचलित ग्रिडने होत नाही, हातानेच करावं लागतं.

परांड्यासारख्या दुहेरी तटाच्या भुईकोटात दोन तटांमधल्या बोळात ड्रोन घालू नका. तिथे उपग्रहांचा संपर्क तुटतो, वारा भिंतींवरून उलटा फिरतो, आणि ड्रोन भिंतीला लागला तर आधी चर्येचा सैल दगड खाली येतो. तिथे काठीवर लावलेला कॅमेरा घेऊन चालत जा. हवेतले आणि जमिनीवरचे फोटो जोडण्यासाठी दरवाजाजवळ वरपासून खालपर्यंत हळूहळू उतरत जाणारे दहा-पंधरा दुव्याचे फोटो घ्यायचे. ते विसरले की दोन वेगळी मॉडेलं हातात उरतात. देवगिरीची अंधारी किंवा कुठलीही भुयारं ड्रोनच्या आवाक्यातली नाहीत. ते काम तिवईवरच्या लेझर स्कॅनरचं.

जुन्या दगडावर खुणा रंगवणं

हे बघितलं की संताप येतो. नियंत्रण बिंदू (मॉडेल मापात बसवण्यासाठी जागेवर अचूक मोजलेले बिंदू) हवेत म्हणून शेकडो वर्षांच्या फरसबंदीवर पांढऱ्या ऑइलपेंटने फुल्या मारलेल्या असतात. काळा दगड सच्छिद्र असतो, रंग आत मुरतो, आणि तारेच्या ब्रशाने घासला तर दगडाचा जुना पृष्ठभागच निघून जातो. केंद्रीय संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कायदा नसता तरीही हे करायचं नव्हतं.

४० सेंटिमीटर चौरस प्लायवूडचा तुकडा घ्या, त्यावर काळे-पांढरे चार चौकोन मॅट रंगाने रंगवा, मध्यबिंदूला बारीक खूण करा. चकचकीत फ्लेक्स उन्हात इतका झळकतो की मध्यबिंदू दिसत नाही. उडू नये म्हणून घरून आणलेल्या वाळूच्या पिशव्या ठेवा. ढासळलेल्या तटाचे दगड उचलून त्यावर ठेवणारे पुष्कळ आहेत. तो दगड जिथे पडला तिथेच तो पुरावा असतो, आणि पुन्हा बांधताना त्याच्या जागेवरूनच त्याचं मूळ स्थान कळतं.

उभ्या तटावर पाटी लावायचीच नाही. घडीव दगडाचा ठळक कोपरा, जंगीची धार असे नैसर्गिक बिंदू निवडायचे आणि प्रिझमशिवाय (समोर आरसा न धरता) मोजणाऱ्या टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचे. प्रत्येकाचा जवळून फोटो काढून त्यावर बाण काढून ठेवा. संध्याकाळी सगळे कोपरे सारखेच दिसतात.

काळ्या मातीवर विश्वास

मराठवाड्याबाहेरून शिकून आलेल्या मंडळींना हे कुणी सांगितलेलं नसतं. औसा, परांडा, कंधार हे भुईकोट. आसपास काळी माती. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात गाडलेला खुणेचा खुंट वर्षभरात काही सेंटिमीटर वरखाली होऊ शकतो. नोव्हेंबरात एक मोजणी आणि मे महिन्यात दुसरी केली, खुंट त्याच मातीत असला, तर किल्ला हलला की खुंट हलला हे सांगता येत नाही.

कायमचे बिंदू उघड्या खडकावर घ्या. खडक नसेल तर पक्क्या पायाच्या जुन्या, न भेगाळलेल्या बांधकामाजवळ, आणि एकावर विसंबू नका, निदान तीन ठेवा. तीनही आपसात दरवेळी मोजले की कोणता सरकला ते कळतं. त्यांचे अक्षांश-रेखांश ठरवताना घाई नको. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या कायमस्वरूपी स्थानकांच्या जाळ्याशी जोडून किमान दोन तास स्थिर निरीक्षण घ्या. एकाच किल्ल्याची पुढची मोजणी त्याच ऋतूत करा. आम्ही फेब्रुवारी सोडत नाही. किल्लारी औसा तालुक्यातच आहे. १९९३ चा भूकंप झालेल्या पट्ट्यातल्या तटांना दर काही वर्षांनी असं पक्कं मोजमाप मिळणं फार गरजेचं आहे.

जमिनीवरच्या बिंदूंची चूक म्हणजे मॉडेलची चूक समजणं

अहवालात ‘चूक ८ मिलिमीटर’ असं छापून येतं आणि सगळे खूश होतात. ज्या बिंदूंना धरून सॉफ्टवेअरने मॉडेल ताणलं, त्याच बिंदूंवरची ती चूक आहे. ती कमी दिसणारच. १०-१२ नियंत्रण बिंदूंखेरीज किमान ५ बिंदू असे मोजा जे गणितात घालायचेच नाहीत, आणि त्यांच्यावर किती फरक येतो तेवढंच जाहीर करा. आरटीके ड्रोन (उडतानाच आपली जागा सेंटिमीटरपर्यंत ठरवणारा) असला म्हणून ही गरज संपत नाही. भिंगाच्या नाभीय अंतराचा अंदाज थोडा चुकला तर आख्खं मॉडेल उभ्या दिशेने सरकतं, आणि जमिनीवर एकही बिंदू नसेल तर ते कधी कळतही नाही.

याच्याच पोटात एक लबाड चूक आहे, घुमटाची. एकाच उंचीवरून, समांतर रांगांत, कॅमेरा सरळ खाली ठेवून फोटो घेतले तर भिंगाची वक्रता आणि जमिनीची वक्रता सॉफ्टवेअरला वेगळी करता येत नाही. सपाट पटांगण मध्ये फुगलेलं किंवा खोल गेलेलं येतं. नळदुर्गसारख्या पसरलेल्या किल्ल्यात कडेला आणि मध्ये काही डेसिमीटरचा फरक पडू शकतो, आणि कुणीतरी उत्साहाने ‘मधली जमीन खचतेय’ असं लिहून मोकळं होतं. दुसरी फेरी पहिलीला काटकोनात, १५-२० मीटर वेगळ्या उंचीवर आणि कॅमेरा २०-३० अंश तिरका ठेवून घेतली की हा दोष बहुतांशी जातो. नियंत्रण बिंदू नुसते चार कोपऱ्यांवर ठेवू नका, मधोमधही ठेवा.

उंची कुठून मोजली?

उपग्रहाने दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासूनची असते. मराठवाड्यात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरांनी कमी येते. जुना नकाशा एका पद्धतीचा आणि नवा दुसऱ्या पद्धतीचा असेल तर एकावर एक ठेवल्यावर किल्ला जमिनीत गाडला जातो. कोणती उंची वापरली हे फाइलच्या नावातच लिहा.

नकाशाचा पट्टाही तपासा. बहुतेक मराठवाडा ४३ उत्तर या यूटीएम (जगाचे उभे पट्टे पाडणारी नकाशा-पद्धत) पट्ट्यात आहे. ७८ रेखांशापाशी पट्टा बदलतो, आणि माहूर त्या सीमेच्या अगदी अलीकडे, तर किनवट पलीकडे. माहूरच्या कामात एकाने ४३ आणि दुसऱ्याने ४४ धरला की दोन नकाशे कधीच जुळत नाहीत.

झाडोऱ्यात उडवणं

फोटोला पानाआडचं दिसत नाही. श्रावण-भाद्रपदात हिरवागार किल्ला छान दिसतो म्हणून मोजणारे गवताची उंची मोजतात. देवगिरीच्या परिसरात सीताफळ, इतरत्र घाणेरी आणि वेडी बाभूळ. सीताफळाची पानं फाल्गुनापर्यंत गळतात, गवत वाळून बसतं. जानेवारी अखेर ते मार्चचा मध्य हा आमच्याकडचा खरा हंगाम. त्यानंतर ऊन चढतं. बऱ्याच ड्रोनची कामाची मर्यादा ४० अंशांची असते आणि तापलेल्या काळ्या दगडाजवळ हवा त्याहून गरम असते.

लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र) आणला म्हणजे झाडीचा प्रश्न सुटला असं मानू नका. किरण पानांच्या फटीतून जातो, पानातून नाही. घाणेरीच्या दाट जाळीत तो वरच अडतो. खाली उडा, हळू उडा, दोन काटकोनी फेऱ्या करा. खंदकातल्या पाण्यातूनही साधा लायडार काही आणत नाही. तो भाग मोकळा दाखवा, सॉफ्टवेअरला भरू देऊ नका.

खरी हानी पुढच्या टप्प्यात होते. ‘जमीन वेगळी करा’ हे बटण दाबलं की झाडांबरोबर मीटर-दीड मीटर उरलेले भिंतींचे अवशेषही ‘जमीन नाही’ म्हणून उडतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तेच तर हवे असतात. मूळ क्लाउड कधीही पुसू नका, गाळणी दोन-तीन वेगवेगळ्या मापांनी लावून बघा, आणि काय उडालं ते स्वतंत्र थरात ठेवून नजरेखालून घाला. सावली-नकाशा (उजेड-सावलीने उंचसखल दाखवणारा) एकाच दिशेच्या उजेडाने काढला तर त्या दिशेला समांतर असलेल्या भिंती दिसत नाहीत. निदान चार दिशांनी काढा.

थोडक्यात आवरण्यासारख्या चुका

तोफेशेजारी होकायंत्र जुळवणं. लोखंडी तोफ सोडाच, माथ्यावरचा बेसॉल्टही ठिकठिकाणी चुंबकीय असतो, वीज पडलेल्या जागी तर जास्तच. टेक-ऑफची जागा दहा-पंधरा पावलं बदलून बघा.

शटर आपोआप ठेवणं. सेकंदाला ५ मीटर वेगात १/१०० शटर म्हणजे फोटोत ५ सेंटिमीटरची फरफट; १/५०० ला ती १ सेंटिमीटर होते. प्रकाशाचं आणि रंगाचं माप हाताने बांधून ठेवा.

अर्धं ऊन, अर्धी सावली. काळ्या दगडावर सावलीतला भाग निव्वळ काळा होतो. हिवाळ्यात उत्तरेकडच्या तटावर ऊन येतच नाही, तेव्हा तो पूर्ण सावलीत, वेगळ्या मापाने घ्या. खंदकही वेगळा घ्या. आभाळ भरलेलं असेल तर देवाचे आभार मानून पूर्ण दिवस काम करा.

आग्या मोहोळ. कड्याला, कमानीखाली, मिनाराला लटकलेलं असतं. आदल्या दिवशी दुर्बिणीने सगळे कडे बघून जागा नकाशावर टिपा आणि त्या बाजूला जाऊ नका. खवळलेल्या माश्या ड्रोनवाल्याला शोधत नाहीत, जवळच्या पर्यटकावर पडतात. घारींची आणि शिकारी पक्ष्यांची घरटी असलेल्या कड्यांना विणीच्या काळात हात लावू नका.

पर्यटकांच्या डोक्यावर उडवणं. सकाळी दार उघडण्याआधीची वेळ मागून घ्या. अधिकारी बहुधा देतात.

बॅटरी शेवटपर्यंत पिळणं. ३० टक्क्यांवर खाली उतरा.

दोन वर्षांच्या मॉडेलांची घाईची तुलना

इथे चूक झाली तर पैसा चुकीच्या तटावर खर्च होतो. दोन मॉडेलं एकमेकांतून वजा केली की लाल-निळा नकाशा येतो आणि प्रत्येक लाल ठिपका धोका वाटतो. प्रत्येक मोजणीत २ सेंटिमीटरची अनिश्चितता असेल, तर दोन्हींची मिळून ती २.८ सेंटिमीटर होते, आणि ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर फरक साडेपाच सेंटिमीटरच्या वर हवा. त्याखालचं सगळं राखाडी रंगात दाखवा. पोट ३ सेंटिमीटरने वाढलं असं म्हणायचं असेल तर आधी मोजणी तेवढी काटेकोर करा: जवळून फोटो, तटावरच जास्त नियंत्रण बिंदू, आणि संशयाच्या जागी टोटल स्टेशनने स्वतंत्र पडताळणी.

तुलना उभ्या दिशेने करू नका. क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमधली ‘एम३सी२’ पद्धत पृष्ठभागाला लंब दिशेने अंतर मोजते, तटाला तीच लागू पडते. दोन मॉडेलं एकमेकांवर बसवताना आख्खा किल्ला धरून ‘आपोआप जुळवा’ करू नका, कारण मग हललेला तटही जुळवणीत सामील होतो आणि त्याची हालचाल सगळीकडे थोडीथोडी वाटली जाते. खडकातले स्थिर भाग निवडून फक्त त्यांवर जुळवा.

फरक खरा निघाला तर त्याच्या वरच्या फांजीचा उंची-नकाशा काढून पाणी कुठे वाहतं ते बघा. बुजलेली पन्हळ, उखडलेली फरसबंदी, उताराची उलटी दिशा यांपैकी एक तरी बहुधा सापडतं. दुरुस्ती तिथून सुरू होते. नुसता बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर आत शिरलेलं पाणी कोंडून पोट आणखी वाढतं.

सगळं सगळ्यांसाठी टाकून देणं

मराठवाड्यात गुप्तधनासाठी जुन्या जागा खणणारे कमी नाहीत. झाडीखालच्या बुजलेल्या कोठ्या, भुयारांची तोंडं, नोंद न झालेली जोती हे सगळं लायडारमध्ये उघडं पडतं. ते अचूक अक्षांश-रेखांशांसह जाहीर केलं तर पहारेकऱ्याच्या आधी कुदळ पोहोचते. तसंच घरट्यांचं. आम्ही लोकांसाठीची प्रत २० सेंटिमीटरच्या तपशिलावर आणतो, त्यातून अशा जागा वगळतो, आणि मूळ फोटो, बिंदूंची मोजमापं, भिंगाची माहिती, हवामानाची नोंद व प्रक्रियेचा पूर्ण अहवाल संबंधित पुरातत्त्व कार्यालयाकडे देतो. फोटो मूळ स्वरूपातच द्या, नावं बदलू नका, आत नोंदलेली जागा-वेळ पुसणारं कुठलंही ॲप वापरू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो मोजणीच्या कामाचा राहत नाही. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या गावांत प्रती ठेवा, आणि डिस्कसोबत कागदावर छापलेली बिंदूंची यादी ठेवा, कारण आणखी वीस वर्षांनी ती डिस्क वाचणारं यंत्र मिळेलच असं नाही.